मापाची खुर्ची

देवचंद खुर्चीवर बसला, उठला, खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि पुन्हा बसला. समोर ताट वाढलंय असं समजून त्याने दोन्ही कोपरं टेबलाशी नेली. टेबल हललं नाही, खुर्चीही कुरकुरली नाही. तरी त्याचं समाधान होईना. तो खाली वाकला आणि पायांचे सांधे अंगठ्याने एकेक दाबून पाहू लागला.

"अहो, भाकरी गार झाली," कलाबाई आतून म्हणाली.

"आलो."

आला मात्र नाही. दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. शिरपूरकडच्या गावाहून भावाने वादळात पडलेल्या कडुनिंबाचं वाळलेलं लाकूड धाडलं, आणि आयुष्यभर ऑफिसात जावक टपालावर शिक्के मारलेल्या या माणसाने शेजाऱ्याकडून रंधा मागून आणला. पहिल्या खुर्चीचा एक पाय आखूड झाला म्हणून त्याने बाकीचे कापले, मग दुसराच आखूड झाला. कापता कापता तिचं स्टूल झालं, ते कलाबाई आता भाजी चिरायला घेते. पण नंतर हात बसला. टेबल झालं, तीन खुर्च्या झाल्या. आणि ही चौथी, थोडी उंच, हातांची. ही रतिलालभाऊंची.

रतिलाल ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. देवचंदला टायफॉईड झाला तेव्हा रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसणारा हाच, आणि साहेबाशी त्याच्या रजेसाठी भांडणाराही हाच. माणूस सोन्यासारखा. फक्त इतक्या वर्षांत देवचंदच्या घरी तो एकदाही जेवला नव्हता. दारापर्यंत यायचा, सायकलवरून एक पाय टेकवून बोलायचा आणि जायचा. जेवायला बोलावलं की श्रावण असायचा, नाहीतर चतुर्थी, नाहीतर पोट बिघडलेलं. गेल्या दसऱ्याला तो म्हणाला, "येणार रे, नक्की येणार. पण मांडी घालून बसवत नाही आता. गुडघे गेले माझे."

हे ऐकून देवचंदला इतका आनंद झाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. अडचण गुडघ्यांची होती तर. गुडघ्यांवर इलाज होता.

कलाबाई ताट घेऊन बाहेरच आली. ताट टेबलावर ठेवून ती उंच खुर्चीत बसली. तिचे पाय अधांतरी राहिले.

"माझे पाय लोंबतात हो हिच्यात."

"ती तुझ्यासाठी नाही केली," देवचंद म्हणाला. पॉलिश पेपरचा तुकडा त्याने तिच्या हाताखालून ओढून घेतला.

कलाबाई उठली. पदर खोचला. चिडली की ती नवऱ्याशी गावच्या बोलीत बोलायची. "श्रावण झाया, चतुर्थी झायी, आते गुडघा. माले बठ्ठं समजस."

"काय सगळं समजतं तुला?"

"तुम्हालाही समजतं," ती शहरी मराठीत म्हणाली आणि आत गेली.

त्याला संताप आला. बायकोचा आला की स्वतःचा, ते कळेना. त्याच्या बापाला गावातल्या लग्नात मांडवात कधी कोणी बसवलं नव्हतं. सगळे उठल्यावर बाहेर, उकिरड्याच्या बाजूला वाढायचे. पण ते गाव होतं, ते दिवस वेगळे होते. हे धुळे होतं, आणि रतिलाल म्हणजे रतिलाल होता. देवचंदने भाकरीचा एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि पुन्हा उठून टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. कुठेतरी खरखर लागत होती. कुठे, ते सापडत नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने उंच खुर्ची सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली.

"ही वरात कुठे निघाली?" कलाबाईने विचारलं.

"लाखेचं पॉलिश चढलं की पाय कापता यायचे नाहीत. एकदा त्यांना बसवून उंची बघून येतो. पुढच्या रविवारी बोलवायचंच आहे."

सुतळीची गाठ सैल होती, ती कलाबाईने आवळून दिली.

देवपुरातून पांझरेच्या पुलावर आला तोवर ऊन तापलं होतं. टीव्हीवर रविवार सकाळची मालिका सुरू होती, त्यामुळे गल्ल्या ओस पडल्या होत्या, आणि ते बरंच होतं. सायकलला खुर्ची बांधून चाललेल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. वाटेत तो दोनदा उतरला. एकदा गाठ तपासायला, आणि एकदा उगाच.

रतिलालच्या घराचं फाटक उघडंच होतं. अंगणात जुनी लुगडी अंथरून त्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, वाळत घातले होते, आणि रतिलाल उकिडवा बसून ते उलटत होता. एक ओळ संपली की उठायचेही कष्ट न घेता तसाच उकिडवा पुढे सरकत होता, तोंडाने काहीतरी गुणगुणत. देवचंद फाटकात सायकल धरून उभा राहिला. परत फिरावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात रतिलालने मान वर केली.

तो झटकन उठला. कशाचाही आधार न घेता उठला, आणि पूर्ण उभा राहिल्यावर त्याचा एक हात गुडघ्याकडे गेला.

"अरे देवचंद. हे काय आणलंस?"

"खुर्ची. तुमच्या मापाची. म्हटलं, गुडघ्यांना उंची बरोबर पडते का पाहावी."

रतिलालची बायको, सुनंदाबाई, पिठाचे हात घेऊन ओट्यावर आली होती. "गुडघे?" ती म्हणाली. "कोणाचे गुडघे?"

रतिलाल खुर्चीकडे पाहत होता. तिचे हात, पाठीच्या गोल घासलेल्या कडा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बसून बघा," देवचंदने सुतळी सोडत म्हटलं.

रतिलाल बसला. देवचंद त्याच्यासमोर जमिनीवर टेकला आणि त्याने खिशातून टेप काढून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. आपण हे का करतोय ते त्याला कळत नव्हतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"टाच टेकते?"

"टेकते."

"दुखतं?"

रतिलालने त्याच्याकडे पाहिलं. "नाही," तो हळूच म्हणाला.

सुनंदाबाईने कागदावर दोन ओले बिबडे आणून दिले, तेल-तिखट लावून. देवचंदने नेहमीसारखे अंगणातच उभ्याने खाल्ले. चांगले झाले होते, तसं त्याने सांगितलंही. मग खुर्ची पुन्हा कॅरिअरला बांधली. रतिलाल फाटकापर्यंत सोबत आला, सायकलच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला.

"देवचंद, येतो मी पुढच्या रविवारी."

"या," देवचंद म्हणाला.

घरी आल्यावर त्याने खुर्ची परसात उतरवली आणि करवत शोधली. कलाबाई दारात येऊन उभी राहिली.

"बसली का बरोबर?"

"उंच झाली."

"मग त्यांचे गुडघे?"

"बरे आहेत त्यांचे गुडघे."

कलाबाई वळणार तेवढ्यात तो म्हणाला, "बस."

"मी?"

"बस म्हणतो ना."

ती बसली. पाय अधांतरी. देवचंदने तिच्या टाचेखालून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, तिला उठवलं आणि खुर्ची आडवी करून चारही पायांवर पेन्सिलने खुणा केल्या. मग करवत लावली. या वेळी एकही पाय आखूड झाला नाही.

"आणि रविवारी ते आलेच तर?" ती म्हणाली.

"तीन खुर्च्या आहेत. नाहीतर जमीन आहे. जमिनीवर छान बसता येतं त्यांना."

भुसा झटकून त्याने खुर्ची उभी केली. ती बसली. पाय टेकले. दोन्ही हात तिने खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. आत स्टोव्हवर डाळ उतू जाऊन चर्र आवाज आला. ती उठायला लागली, तर देवचंदने तिला हातानेच थांबवलं आणि तो आत गेला.