बंद खोलीपुढचा काथ्या

मी काथ्या बोलतोय. जातीने टेरियर; राठ, तारेसारख्या केसांचा. भुंकण्यापलीकडे मला भाषा नाही, असे समजू नका. ज्या घरातली माणसे एकमेकांशी खरे बोलायची थांबतात, तिथे मुक्या प्राण्यालाच बोलावे लागते.

हे नाव माझ्या धन्याने ठेवलेले. तो शिंपी होता. मला प्रथम मांडीवर घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, कुत्रं कसलं, काथ्या आहे हा! भांडी घासायला घे." त्याची मुलगी मला पायपुसणे म्हणे. मला राग आला नाही. परमेश्वराने ज्याला जे वस्त्र दिले, ते त्याने निमूटपणे वागवावे. माझे वस्त्र दुहेरी आहे. वर राठ, आत मऊ. काट्यांत शिरावे, बिळात तोंड घालावे, यासाठीच ते विणले आहे.

आमच्या जातीचा स्वभावही या केसांसारखाच. लागलेला वास आम्ही सोडीत नाही. बिळापुढे उभे असताना हाक ऐकू येते, पण ऐकली जात नाही. आम्हांला रोज काम हवे. काम नसले की आम्ही अंगण खणतो आणि लोक त्याला खोडी म्हणतात. रिकामे मन काय काय खणून काढते, हे माणसांना मी सांगायला नको.

या केसांचा एक नियम आहे. ते पिकतात, मरतात, पण आपण होऊन गळत नाहीत. मेलेला केस कातडीत उभाच राहतो. त्याला कात्री लावली तर तो आखूड होतो, निघत नाही. आणि पुढे येणारे केस मऊ, निस्तेज होतात. तो चिमटीत धरून, केसाच्या वळणाने, हातानेच उपटावा लागतो. जिवंत केस धरून राहतो. मेलेला सुटून येतो आणि दुखत नाही.

केस पिकण्याचा हंगाम आला की धनी मला कापड बेतायच्या टेबलावर उभे करी. पकड यावी म्हणून बोटांना खडू चोळी आणि मानेपासून सुरुवात करी. प्रत्येक चिमटीबरोबर त्याच्या घशातून बारीकसा "हं" निघे.

"अहो, सोलून काढलंत की त्याला!" बाई, म्हणजे धन्याची बायको, म्हणे.

"मेलेलं काढलं नाही, तर जिवंताला जागा कुठली? बघ, कुरकुरतोय तरी का!"

आयुष्यभर त्याने इतरांचे कपडे शिवले. उतारवयात बायकोसाठी एक गरम कोट शिवायला घेतला. डावी बाही लावायची राहिली होती. एका दुपारी त्याने मशीनवर डोके टेकले, ते उचललेच नाही. मी त्याचा हात चाटला. बोटांवर खडू होता. बोटांत कोणी नव्हते.

बाईने तो कोट कपडे बेतायच्या पुतळ्यावर चढवला, सुटी बाही खांद्यावर ठेवली आणि शिवणाच्या खोलीला कुलूप घातले. माझ्या अंगालाही जणू कुलूपच लागले.

मुलगी आली तेव्हा म्हणाली, "आई, काय अवतार झालाय याचा! केस कापायचं मशीन फिरवून आणू का?"

"कुणी हात लावायचा नाही. शेवटचा हात यांचा फिरलाय त्याच्यावर."

"अगं, पण खाजवून खाजवून मरेल तो!"

"आठवण येते त्याला. तुला नाही कळायचं."

आठवण येत होती. पण खाज वेगळी आणि शोक वेगळा. माणसे दोहोंना एकच नाव देतात आणि उपचार एकावरही करीत नाहीत.

मग खोलीतून आवाज येऊ लागला. कर्र… कर्र… जाड कापडातून कात्री चालावी तसा. मी दाराशी धावलो. अंगावरचे केस ताठ झाले. बाईने दाराला तळवा लावला.

"आलेत ना रे?" ती कुजबुजली. "बाही राहिली होती. ती पुरी करतायत."

त्या दिवसापासून ती दाराशी बसू लागली. आधी देवापुढे म्हणायची ती प्रार्थना आता दारापुढे म्हणू लागली. मुलीकडे जाणे तिने सोडले. धन्याला आत एकटा टाकून ती कशी जाईल? मला विचारी, "आहेत ना आत?" माझे केस उभे राहत आणि तीच साक्ष ती धरी.

आत उंदीर होता. वास मला पहिल्याच दिवशी लागला होता. परंतु देवाच्या साक्षीने सांगतो, त्या वासाखाली दुसरा वास होता: खडूचा, इस्त्रीच्या वाफेचा, धन्याच्या घामाचा. केस नेमके कशाने उभे राहत, ते मलाही ठाऊक नव्हते.

पुढे माझी भूक गेली. मुलीने आम्हां दोघांना जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. त्याने माझे केस बाजूला सारले आणि कातडी बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाला, "काकू, मेलेल्या केसांखाली कातडी सडतेय. हे सगळं काढा. नाहीतर हा हातचा जाईल."

"बघू," बाई म्हणाली.

त्या संध्याकाळी आवाज आला. मी उंबरठा खणू लागलो. नखांतून रक्त आले तरी थांबलो नाही. बाई किल्ली घेऊन आली.

"डॉक्टर म्हणतो, तू जाशील. जाण्याआधी भेटून घे त्यांना."

तिने दार उघडले, दिवा लावला. मशीनपुढची खुर्ची रिकामी होती. पुतळ्याच्या खांद्यावर बाही नव्हती. मी चिंध्यांच्या खोक्यात झेप घेतली आणि एकाच झटक्यात काम उरकले. उंदीर आणून बाईच्या पायाशी ठेवला. तोंडाला त्या बाहीचे धागे लागले होते. धनी असता तर पाठ थोपटली असती.

बाईने उंदराकडे पाहिले, मग खुर्चीकडे.

"मेल्या," ती मला म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

ती जमिनीवर बसली आणि धनी गेल्यापासून प्रथमच रडली. रडून झाल्यावर उठली. खडू घेतला, बोटांना चोळला आणि मला टेबलावर उभे केले. मेलेले केस मुठीमुठीने सुटून आले. धन्याचा शेवटचा हात त्या केसांबरोबर जमिनीवर पडत होता. ती पाहत होती आणि उपटत होती. काही चिमट्यांनंतर तिच्या घशातून "हं" असा आवाज निघाला.

ती थबकली. मी खुर्चीकडे पाहिले. अंगावर उरलेले केस उभे राहिले. उंदीर तर दारात मरून पडला होता.

आता मी म्हातारा झालो आहे. कातडी भरली, नवे राठ केस आले. डाव्या बाहीला बाईने निराळे कापड लावले. ते विजोड दिसते, पण मुलीकडे जाताना ती तोच कोट घालते.

माझे मागणे थोडे आहे. आमच्यासारखा प्राणी पाळलात, तर त्याला काम द्या आणि त्याचे मेलेले केस वेळच्या वेळी हाताने काढा. प्रेमापोटी कुलपात ठेवलेली वस्तू उंदरांच्या वाट्याला जाते. आणि प्रार्थना देवाचीच करा.

ती खोली आता उघडी असते. संध्याकाळी मी तिच्या उंबरठ्यावर पडून राहतो. आत उंदीर नाही, आवाज नाही. तरी एखादे वेळी माझ्या मानेवरचे केस ताठ होतात. बाई ते पाहते. विचारीत मात्र नाही.