माझं तिसरं कडवं

मी एक गाणं बोलतोय. फ्रेंच गाणं, प्रेमाचं. नाव ‘गुरुवारी ये’. नाव ऐकून मान डोलावू नका आणि कौतुक तर मुळीच करू नका. मी इतक्या भाषांत गेलो, इतक्या तऱ्हांनी गायला गेलो, असं लोक अभिमानाने सांगतात. मला मात्र तो विषय निघाला की कुठे तोंड लपवू असं होतं. का, ते सांगतो.

माझा जन्म मार्न नदीच्या काठी, मादाम गोशेच्या नाचघरात झाला. रविवारी दुपारी तिथे पॅरिसहून माणसं यायची, तळलेली बारकी मासळी खायची, पांढरी वाइन प्यायची आणि संध्याकाळच्या गाडीआधी जमतील तितके वॉल्ट्झ नाचून घ्यायची. अकॉर्डियन वाजवायचा आनसेल्म. एरवी तो नावा दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांना डांबराचा वास असायचा, आणि बोटांचा वास अकॉर्डियनलाही लागला होता.

सोलांज वरच्या गावात शाळेत शिकवायची. रविवारी मैत्रिणीबरोबर सायकलवरून यायची. दिसायला बरी, नाचायला त्याहून बरी, त्यामुळे तिला बसायला कुणी देतच नसे. आनसेल्म वर फळीवर बसून वाजवायचा आणि त्याच्याच सुरावर ती दुसऱ्याच्या हातात हात घालून फिरायची. वाजवणाऱ्याला नाचता येत नाही, हा त्या कामातला मोठा जाच. आनसेल्म अकॉर्डियनच्या मागून बघत बसायचा. तोंड उघडून बोलायचं तर त्याच्याने व्हायचं नाही. चार शब्द बोलायचे झाले की तीन गिळायचा.

त्या काळी आमच्याकडे शाळांना गुरुवारची सुट्टी असायची. आणि गुरुवारी नाचघर बंद. आनसेल्मने सोलांजला ‘गुरुवारी ये’ एवढं कसंबसं म्हटलं आणि मालकिणीकडे किल्ली मागितली.

“कशाला रे?” मादाम गोशेने विचारलं.

“छप्पर गळतंय. बघतो.”

“बघ, बघ. नीट बघ. आणि त्या गळतीला सांग, उंच टाचांचे बूट घालून माझी फरशी खरवडू नकोस म्हणावं.”

तर गुरुवारी दुपारी, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, अशा रिकाम्या नाचघरात ते दोघे नाचायला लागले. आता वाजवणार कोण? म्हणून आनसेल्म तिच्या कानाशी गुणगुणला. तो मी. वाद्य नाही, टाळ्या नाहीत, एका माणसाने एका बाईपुरतं म्हटलेलं गाणं. पहिलं कडवं असं होतं:

*रविवारी मी वाजवतो, तू दुसऱ्याच्या हातात,*
*गुरुवारी ये, कुणी नाही रिकाम्या नाचघरात.*

पुढच्या गुरुवारी त्याने दुसरं कडवं केलं. त्यातही तेच, ये म्हणून विनवणी. लग्नाचं विचारायचं होतं, ते याहून पुढे सरकेना. शेवटी सोलांजलाच दया आली. तिसऱ्या गुरुवारी ती शाळेच्या वहीचं पान घेऊन आली. त्यावर तिसरं कडवं होतं, तिने लिहिलेलं, चार ओळींचं. ते त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. पहिली दोन कडवी त्याची, तिसरं तिचं, असा मी पुरा झालो. वसंतात त्यांचं लग्न झालं.

इथवर मला लाज वाटण्यासारखं काही नाही.

एका रविवारी ल्युसियाँ दोर्वाल नावाचा गायक मासळी खायला आला. आनसेल्म थोडी घेऊन रंगात होता, त्याने मला सगळ्यांसमोर वाजवलं. दोर्वालने काटा खाली ठेवला. महिन्याभरात आम्ही पॅरिसला, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. आनसेल्म नवीन कॉलर घालून, टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं मावतात आणि मी निघालो चारचा.

“तिसरं कडवं काढा,” दोर्वाल म्हणाला. “बाई आली की गाण्यातली गंमत गेली. येत नाही तोवरच लोक ऐकतात.”

“ते तिचं आहे,” आनसेल्म हळूच म्हणाला. “बायकोचं.”

“मग घरी ठेवा की, बायकोजवळ!”

सगळे हसले. आनसेल्मही हसला. मोठ्या माणसांसमोर तो नेहमी हसायचा.

आणि मी? खरं सांगतो, मला बरं वाटलं. अंगावरचा जाड कोट काढल्यासारखं हलकं वाटलं. पुढे बारा व्हायोलिनं उभी होती, माझ्यासाठी. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. तिचं उत्तर त्या खोलीत तसंच पडू दिलं आणि मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रेडिओवर मी पहिल्यांदा लागलो, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमले होते. सोलांज मटार सोलत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिने हातातली शेंग तशीच धरली आणि जरा सरळ बसली. पाहुण्यांपुढे आपलं नाव घेतील तेव्हा माणूस बसतो, तशी. व्हायोलिनं वाजली, थांबली, आणि निवेदक साबणाबद्दल बोलायला लागला.

“झालं?” तिने विचारलं.

“तबकडीत मावेना गं,” आनसेल्म म्हणाला.

“मी मावले नाही होय. बरं.”

तिने सालपटं गोळा केली आणि कोंबड्यांना टाकायला गेली. त्यानंतर त्या घरात तिसरं कडवं कुणी म्हटलं नाही. गुरुवारही मागे पडले, कारण आनसेल्मला आता गावोगावची बोलावणी यायची. आणि गाण्याचं असं असतं, जे कुणी म्हणत नाही ते त्यालाही आठवत नाही. तिचे शब्द माझ्यातून एकेक करून गळत गेले. मला त्याचा पत्ताही लागला नाही, इतका मी मिरवण्यात गुंग होतो.

परमुलखात गेलो की पहिला बळी गुरुवारचा. इटलीत माझा रविवार झाला, कारण त्यांना गुरुवारचं काही वाटेना. शिवाय त्यांनी कडव्यात आईला आणलं. जर्मनांनी पितळी वाद्यं लावून मला कवायत करायला लावली. फिनलंडमध्ये माझा टँगो झाला आणि जिची वाट बघायची ती मेलीच. मेक्सिकोत चा-चा-चा, तिथे तर ती दुसऱ्याबरोबर पळून गेली. इंग्रजीत तिची वाट न बघता तोच आगगाडीत बसून निघून गेला! जपानी बाईने मला इतकं हळू गायलं की मध्ये माणसाने चहा करून यावा. पण खरं सांगायचं तर त्यातल्या त्यात तीच बरी, तिने निदान शेवटी थोडी जागा सोडली होती. पुढे धडधड नाचाचं केलं, बालगीत केलं, उद्वाहकात लावलं. कुठल्याही भाषेत ऐका, ती येत नाही. जगभरात कुठेच आली नाही.

घरच्या मैदानावरही धड राहिलो नाही. सरकारने शाळेची सुट्टी गुरुवारची बुधवारी नेली. तेव्हापासून आमचीच पोरं विचारतात, “गुरुवारीच का बरं?”

एकदा वर्तमानपत्रातला माणूस घरी आला. आनसेल्मसमोर बसला, डोळे ओले करून म्हणाला, “मस्यू, एकच विचारतो. जी कधी आलीच नाही, ती कोण होती?”

सोलांज कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी. आनसेल्मने तिच्याकडे पाहिलं, मग कपाकडे. एक वाक्य बोलायचं होतं. त्याने नेहमीप्रमाणे गिळलं.

“साखर किती?” सोलांजने पाहुण्याला विचारलं.

दुसऱ्या दिवशी छापून आलं की संगीतकाराने आपली जखम जपून ठेवली आहे. नावा दुरुस्तीच्या आवारातले त्याचे सोबती महिनाभर तिला बघून म्हणायचे, “काय वहिनी, आलात की नाही अजून?” ती हसायची. वरवर.

सगळ्यात शेवटी जाहिरातीसाठी गादीवाले आले. ‘गुरुवारी ये’, म्हणजे गादी गुरुवारी घरपोच. खाली धाड-धाड ठेका आणि वर एक पोरगी किंचाळते. आज तरुण माणसं मला ओळखतात ती गादीचं गाणं म्हणून. याहून खाली जाता येत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आनसेल्म थकला. पंच्याऐंशीव्या वर्षी त्याला गावाचं नाव आठवेना, नातीचं आठवेना. मी मात्र आठवायचो. खिडकीशी बसून गुणगुणायचा, अगदी रिकाम्या नाचघरातल्यासारखा, हळू. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग थांबायचा आणि सोलांजकडे बघायचा.

“इथे पुढे काहीतरी होतं ना गं?”

“होतं,” ती म्हणायची आणि त्याच्या गळ्यातला रुमाल नीट करायची.

तो वाट बघायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. असं दिवसातून पाच-सहा वेळा, सबंध हिवाळा. मी तिला मनातल्या मनात विनवत होतो, म्हण गं बाई, एकदा म्हण. मला येत असतं तर मीच म्हटलं असतं. पण माझ्याजवळ ते नव्हतं, आणि तिचे ओठ उघडले नाहीत. एवढ्या वर्षांचा सल होता तो. मार्चमध्ये आनसेल्म गेला.

दहनगृहात आमच्याकडे घरच्यांच्या पसंतीचं गाणं लावतात, आधी एक कागद भरून द्यावा लागतो. नात एलोदी कागद भरत होती.

“आजी, कुठलं गाणं लिहू?”

“‘गुरुवारी ये’.”

“कुणाचं?”

“आमचं.”

एलोदीने मान हलवली आणि नुसतं नाव लिहून दिलं. त्या दिवशी कामावर असलेल्या बाईने ते नाव यंत्रात घातलं आणि जे पहिलं आलं ते लावलं. तिचा काय दोष? पहिलं कोण येणार, मला ठाऊक होतं.

फुलं ठेवलेली शवपेटी, काळ्या कोटातली माणसं, आणि छतातून धाड-धाड-धाड! गादीवालं. पुढच्या रांगेत एक पोर ठेक्यावर उड्या मारायला लागलं. नावा दुरुस्तीच्या आवारातला एक म्हातारा नको-नको म्हणत असताना त्याचाच बूट ताल धरत होता. एलोदी दोन्ही हातांनी तोंड झाकून दाराकडे धावली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या माणसाने मला कानाशी गुणगुणून जन्म दिला, त्याच्या शेवटच्या दिवशी मी गादी विकत होतो.

“एलोदी,” सोलांज म्हणाली, “धावू नकोस, पडशील. सांग त्यांना, बंद करा म्हणावं. गादीचं गाणंसुद्धा आमच्याच घरातून गेलं आहे, त्याला काय हसायचं.”

आवाज थांबला. सोलांज उठली, काठी एलोदीकडे दिली आणि पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला.

“हा पुढचं विचारत होता,” ती लोकांकडे न बघता म्हणाली. “सबंध हिवाळा विचारत होता. मला येत होतं. मी म्हटलं नाही. रागाने नाही म्हटलं. इतक्या म्हाताऱ्या माणसावर इतका राग धरायचा असतो का? माझी मला लाज वाटते.”

मग ती गायला लागली. गायली कसली, गुणगुणली.

*गुरुवारी आले मी, खडू तसाच बोटाला,*
*सायकल माझी टेकवली तुझ्या उलट्या नावेला,*
*खुर्च्या उलट्या, मी मात्र सरळ उभी दारात…*

शब्द माझ्यात परत येत होते. खडू, सायकल, दार. असं काही माझ्यात होतं, हे मी विसरूनच गेलो होतो. मी चौथ्या ओळीसाठी जीव गोळा करून थांबलो. तिने श्वास घेतला. खाली वाकली, गाल लाकडाला लावला आणि चौथी ओळ त्याला सांगितली. गाऊन नाही, साधी बोलली. पुटपुटलीच. सूर नव्हता, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली नाही.

बाहेर पडताना एलोदीने विचारलं, “आजी, शेवटी काय होतं गं?”

“ते गाण्यातलं राहिलं नाही आता,” सोलांज म्हणाली. “ते त्याला दिलं. चल, कोटाची बटणं लाव, वारा आहे.”

तेव्हापासून माझ्याकडे तीन ओळी जास्त आहेत आणि एक कमी. ती एक मी मागणार नाही. मागायचं तोंडच नाही मला. एकदा मी ती टाकून गेलो होतो.

तुमच्या मुलखातही कुणीतरी मला उचललं असेल, ढोलकी लावली असेल, तालुक्याच्या लग्नात वाजवलं असेल. वाजवा, माझी ना नाही. एवढीच एक विनंती करतो. दोन कडवी झाली की लगेच टाळ्या वाजवू नका. दाराकडे बघत जरा थांबा. ती सायकल टेकवते आहे. ती येते.