बावन्न सेकंद

तीन आठवड्यांपूर्वी तुफान नावाने लढणारा तो बॉक्सर माझ्या डोळ्यांदेखत पडला. बाजारामागच्या लहान हॉलमध्ये, तिसऱ्या फेरीत. मी घड्याळ लावून मोजलं, बावन्न सेकंद बेशुद्ध. पत्रकार म्हणाल तर तिथे मी एकटाच, आणि माझ्या वर्तमानपत्राने तर बॉक्सिंगचं पान कधीच बंद केलेलं. खोड जात नाही म्हणून वहीत टिपतो, इतकंच.

असं पडल्यावर महिनाभर लढायचं नाही, हा नियम. पण आयोजकांच्या वेबसाइटवर ती लढत नोंदलेलीच नव्हती. शनिवारी दुपारी तुफानची मोठी लढत, पोस्टरवर 'अपराजित'. संपादकाला फोन केला, तर म्हणाला, "त्यांच्या जाहिराती येतात रे, सोड ना."

शुक्रवारी सकाळी बॉक्सरांची वजनं होणार होती, तिथे गेलो. पत्रकारांच्या खुर्च्यांवर आयोजकांचीच पगारी माणसं. एकाने विचारलं, "तुफानभाऊ, केसांना काय लावता?" यावर टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकोणीस दिवसांपूर्वी हा बेशुद्ध पडला होता," मी ओरडलो. "डॉक्टरांनी तपासलंय का याला?"

माईक केव्हाच बंद झाला होता. जनसंपर्कवाली मुलगी गोड हसली. "आजोबा, प्रश्न कालच लिहून द्यायचे होते."

पूर्वी आम्ही चार पेपरांचे चौघे होतो. एकमेकांचे पाय ओढायचो, पण एकाचा प्रश्न टाळला की बाकीचे तिघे तोच विचारायचे. आता माझ्या शेजारचा सेल्फी काढत होता.

जिन्यात तुफानला गाठून वही उघडली. सोबत त्याची बायको होती. तिने पान वाचलं.

"तू तर म्हणालास, मोटारसायकलवरून पडलो."

"काका, वही मिटा," तो म्हणाला. "पोटावर पाय देऊ नका माझ्या." तिला ओढतच तो खाली गेला. जाता जाता मी तिच्या हातात माझं जुनं कार्ड कोंबलं.

शनिवारी लढतीला मला दारातूनच परत पाठवलं. रविवारी सकाळी तिचा फोन आला. मागे कसलंतरी यंत्र टिकटिक करत होतं.

"काका, कालच्या लढतीपासून तो शुद्धीवर येत नाहीये. डॉक्टर विचारतायत, आधी डोक्याला मार लागला होता का? आयोजक नाही म्हणतात. वेबसाइटवर काहीच नाही. ते पान वाचता?"

माझाच प्रश्न होता तो. वही उघडून ते पान काढलं.

"तिसरी फेरी," मी वाचलं. "उजवं कानशील."

"सावकाश, काका. डॉक्टर लिहून घेतायत."