डोंग्याची अर्धी चाल

मित्रांनो, घुग्घुसच्या एका कोळसा खाणीच्या गोदामात, तुटक्या फावड्यांच्या मागे एक काळी लोखंडी पेटी पडली आहे. त्या पेटीत मी असतो. मी एक जुना प्रोजेक्टर आहे. फिल्मच्या रिळातली चित्रं पडद्यावर हलवून दाखवणं हे माझं काम. हल्लीचे प्रोजेक्टर बोलतात, गातात. मी मुका आहे. माझ्यातून उजेड निघतो आणि चालताना खरखर होते, एवढंच. माझं मुकेपण आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्याच्यापाशी येऊन अडलं.

मी परदेशी बनावटीचा. बोटीने मुंबईला उतरलो आणि आगगाडीने चांदा जिल्ह्यात आलो. मला मागवलं खाणीच्या एका गोऱ्या इंजिनियर साहेबाने. त्याला कॅमेऱ्याचा नाद होता. दर वर्षी बड्या दिवसाला, म्हणजे नाताळला, क्लबच्या हिरवळीवर दुपारी बँड वाजायचा आणि साहेब त्याचं चित्र घ्यायचा. रीळ धुऊन आलं की मी ते क्लबच्या भिंतीवर दाखवायचो. त्या काळी मला मखमलीच्या फडक्याने पुसत. माझ्यासाठी खिडकीजवळ शिसवी टेबल होतं.

तो बँड जॅझ वाजवायचा. या संगीतात मूळ चाल ठरलेली असते, पण वाजवणारा तिला दर वेळी आपल्या मनाने वळण देतो. बँडचे प्रमुख गोव्याचे पेद्रू मास्तर. ते ट्रम्पेट वाजवत. एके दिवशी त्यांना क्लबच्या स्वयंपाकघराच्या दाराशी लटारू दिसला. तो वर्धा नदीकाठच्या ढिवरांचा तरणा गडी. क्लबला मासे पुरवायचा, आणि टोपली रिकामी झाली तरी बँड थांबेपर्यंत हलायचा नाही. तो पाण्याखाली किती वेळ दम धरतो हे मास्तरांनी आचाऱ्याकडून ऐकलं होतं. त्यांनी त्याच्या हातात ट्रम्पेट दिलं. ते क्लबच्या मालकीचं होतं. रात्री कपाटात कुलूपबंद व्हायचं. त्यामुळे लटारू जे शिकला ते क्लबातच शिकला आणि क्लबातच वाजवलं. त्याच्या बायकोला, कमळाला, तिथे पाऊल टाकायची मुभा नव्हती. आपला नवरा काय वाजवतो हे तिने कधी ऐकलंच नाही.

लटारूने स्वतःची एक चाल बांधली. मासे धरायचा लाकडी डोंगा प्रवाहात जसा डुलतो, एका बाजूला कलतो आणि पडता पडता सावरतो, तशी ती चाल होती. मास्तरांनी तिला ‘डोंग्याची चाल’ नाव दिलं. पहिल्या वर्षी ती चार फुंकांची होती. दर वर्षी थोडी वाढत गेली. साहेब देश सोडून निघाला त्याच्या आदल्या बड्या दिवसाला लटारूने ती पहिल्यांदा आणि शेवटची पुरी वाजवली. खिडकी उघडी होती. मी ती अथपासून इतीपर्यंत ऐकली.

साहेब गेला. मास्तर गोव्याला परतले आणि तिकडेच वारले. बँडवाले पांगले, ट्रम्पेट कुणीतरी उचलून नेलं. क्लबच्या जागी कामगारांचं करमणूक केंद्र झालं, कॅरम आला. मी शिल्लक राहिलेल्या पाच रिळांसह अडगळीच्या खोलीत गेलो. लटारू खाणीत कोळसा भरू लागला.

काही वर्षांनी त्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण दोन गोष्टी घेऊन गेला. कोळशाने आधीच पोखरलेल्या छातीत फुंक उरली नाही. आणि डोंग्याची चाल तो विसरला. बाकीच्या चाली शाबूत होत्या, नेमकी हीच गेली. झिंगू नावाचा लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवणारा गृहस्थ ती शिकायला त्याच्याकडे खेपा घालत होता, आणि लटारू रोज सांगे, “उद्या आठवते पाहा.”

खाणीचा वायरमन भैयाजी अडगळीची खोली झाडत होता, तेव्हा त्याला आम्ही सापडलो. डब्यांवर ‘बँड’ लिहिलेलं वाचून तो तडक लटारूच्या घरी गेला. एका रविवारी दुपारी केंद्राच्या खिडक्यांना पोती लावली गेली. भिंतीवर कमळाचं धुवट लुगडं टांगलं. ती त्या दारातून पहिल्यांदाच आत येत होती. चपला बाहेर काढून आली.

“चपला काऊन काढल्या बाई? देऊळ हाये का?” भैयाजी म्हणाला.

“मले का मालूम? इतकी वर्षं आत येऊ नाई दिलं, म्हून वाटलं असंन देऊळ,” कमळा म्हणाली.

भैयाजीने पहिलं रीळ चढवलं. भिंतीवर एक काटकुळा पोरगा आला. अंगात उसना कोट, बाह्या बोटांपर्यंत.

“हा कोन?” कमळाने विचारलं.

“मीच आहो.”

“तुमी? गालात लिंबू धरल्यावानी दिसता!”

झिंगू खो खो हसला. लटारूही हसला आणि खोकत बसला.

दुसऱ्या रिळात तो मास्तरांच्या मागून त्यांच्या शेजारी आला होता. तिसऱ्यात मास्तर खुर्चीवर बसले होते आणि तो डोळे मिटून पुढे उभा होता. चौथं लढाईच्या दिवसांतलं. खाकी कपड्यांतले सोल्जर नाचत होते आणि लटारू ट्रम्पेटच्या तोंडावर हॅट धरून वाजवत होता. कोट आता त्याच्या मापाचा होता. कमळा एकटक पाहत होती.

“आवाज काऊन नाई येत, भैयाजीभाऊ?”

“मुकी मशीन हाये बाई हे.”

“माह्या नशिबाले पोंगा आला, तोबी मुका,” ती म्हणाली. खाणीच्या भोंग्याला तिथे पोंगा म्हणतात. नवऱ्याच्या ट्रम्पेटलाही ती तेच म्हणायची.

पाचवं रीळ त्या शेवटच्या बड्या दिवसाचं. त्यात साहेबाने कॅमेरा अगदी जवळ नेला होता. लटारूच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. पडद्यावर त्याचा चेहरा होता, ट्रम्पेटच्या तीन कळा होत्या आणि त्यांवरची बोटं. मित्रांनो, तीन कळांवरून दुसऱ्या कुणाला चाल कळत नाही. त्याच बोटांवर फुंकेच्या जोराने निराळे सूर निघतात. पण बोटं लटारूचीच होती. ती हलताना पाहून त्याच्या गुडघ्यावरची बोटं हलू लागली. मग ओठ आवळले गेले आणि बारीक शीळ बाहेर पडली.

“हेच! झिंगू, धर! हेच हाये!”

झिंगूने मागोमाग ट्रम्पेट लावलं. लटारू दोन सूर शिटीवर द्यायचा, झिंगू ते उचलायचा. भैयाजी मला हाताने सावकाश फिरवत होता. अर्धी चाल झाली. डोंगा कलला होता, सावरायचा होता. तेवढ्यात माझ्या दिव्याची तार तुटली.

अंधारात लटारू म्हणाला, “पुढचं आता डोळ्यांसमोर होतं रे.”

तसा दिवा चांद्यात मिळेना, नागपुरातही मिळेना. कलकत्त्याहून मागवावा लागला. तोवर पावसाळा लागला आणि अडगळीच्या खोलीत पाणी गळू लागलं. भैयाजीला रिळांची चिंता पडली. “लटारूभाऊ, तुमच्या छपराचे कवेलू नवे हायेत. रिळं तुमच्याकडेच ठेवा,” असं म्हणून त्याने पाची डबे पोचवले. मला मात्र फळीवर वर चढवून ठेवलं. मी त्या घरात नव्हतो. पुढचं मला नंतर कळलं.

झडीच्या दिवसांत डब्यांत बुरशी धरली. आंबट वास येऊ लागला. लटारू खाटेवर पडून होता. तो घाबरू नये म्हणून कमळाने त्याला काही सांगितलं नाही. ती ढिवराची लेक. जाळ्याला बुरशी आली की काय करायचं हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. उघडीप मिळताच तिने रिळं नदीवर नेली. राखेच्या पाण्यात भिजवली, चिंधीने हातभर हातभर करत चोळली, वाहत्या पाण्यात खंगाळली आणि जाळं वाळवतात तशी बांबूंवर टांगली. काळपट घाण सुटून पाण्याबरोबर गेली. फिल्म काचेसारखी लख्ख झाली. कोरडी करून तिने ती पुन्हा गुंडाळली. एवढं मन लावून रिळांची निगा कुणीच राखली नव्हती, साहेबानेही नाही.

दिवाळीनंतर दिवा आला. पुन्हा पोती, पुन्हा लुगडं. लटारूला आता भिंतीला टेकून बसवावं लागत होतं. झिंगू ट्रम्पेट ओठांशी धरून तयार होता. भैयाजीने पाचवं रीळ चढवलं आणि मला सुरू केलं.

लुगड्यावर पांढरा उजेड पडला. दुसरं काही नाही.

“पुढे असंन,” भैयाजी म्हणाला. त्याने माझं भिंग पुसलं. दिवा काढून परत बसवला. उजेड आणखी पांढरा झाला.

कमळा कौतुकाने म्हणाली, “पाहा, किती साफ निंगाली! बुरसा होता, मी राखेनं धुतलं ना सारं.”

भैयाजीचा हात माझ्या चाकावर थांबला. झिंगूने ट्रम्पेट खाली घेतलं. कमळाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. फिल्मवरचा जो काळपट थर तिने घाण समजून घासला, चित्र त्याच थरात होतं.

“मी...” ती म्हणाली.

“चालू दे भैयाजी,” लटारू म्हणाला. “थांबवू नको.”

पांढरा उजेड भिंतीवर चालत राहिला. लटारू तो तसाच पाहत बसला, चित्र दिसत असल्यासारखा. त्याची बोटं गुडघ्यावर अर्ध्या चालीपर्यंत जाऊन थांबत, पुन्हा पहिल्यापासून निघत, पुन्हा तिथेच थांबत. रिळाचे अगदी आतले काही वेढे सुटलेच नव्हते, त्यांना राखेचं पाणी नीट पोचलं नव्हतं. शेवटी तेवढं चित्र आलं. साहेबाचा कुत्रा हिरवळीवर बसून जांभई देत होता. मग तोही संपला.

लटारू कमळाच्या खांद्याला धरून उठला. जाताना फक्त म्हणाला, “चाल कमळे, ऊन हाये तवरच घरी जाऊ.” उरलेली चार रिळं कुणी लावून पाहिली नाहीत. मला खाणीच्या गोदामात नेऊन ठेवलं.

फिल्मच्या त्या पट्ट्या कमळाने परसातल्या मिरच्यांवर बांधल्या. वाऱ्याने त्या फडफडत आणि पाखरं उडत. लटारू हिवाळाभर खाट बाहेर टाकून त्यांच्याखाली पडून असे. भैयाजी भेटायला गेला तेव्हा तो म्हणाला होता, “आता आवाज येऊन राह्यला पाहा.” हे मला भैयाजीने सांगितलं. तो गोदामात एकटा असला की माझ्याशी बोलतो. उन्हाळा लागायच्या आत लटारू गेला, हेही त्यानेच सांगितलं.

झिंगू अजून लग्नांत डोंग्याची चाल वाजवतो. वरात गोदामासमोरून जाते तेव्हा मला ऐकू येते. डोंगा कलतो आणि तिथेच चाल तुटते. लोकांना वाटतं, ती तेवढीच आहे. ते टाळ्या वाजवतात आणि दुसरं काहीतरी वाजवायला सांगतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण निगा कमळानेही राखली. म्हणून एवढंच मागतो, की एखादी वस्तू हाती घेण्याआधी, तिच्यातलं काय जपायचं आहे ते कुणाला तरी विचारा. कमळा त्या वेळी मला विचारू शकली नसती, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. डोंगा पुढे कसा सावरतो ते मला पुरतं ठाऊक आहे. झिंगू जिथे थांबतो, तिथून पुढची चाल मी रोज मनात म्हणतो. आता ती जाणणारा मी एकटाच उरलो आहे, आणि मला मुकं बनवलेलं आहे.