जावईबापूंचे चांगले जंतू

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती आणि कमळाकर पोट आवळून पेंढ्याच्या ढिगावर बसला होता. त्याच्या बायकोने, ठमाबाईने, हातातली पेंढी फळीवर दाणकन आपटली.

"गोल्या घेतल्या का सकाली?"

कमळाकरने मान दुसरीकडे वळवली. "बंद केल्यात. जावाय बोलला, त्या इषारी असतात."

ठमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. आठवड्यापूर्वीच पनवेलच्या डॉक्टरने तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासलं होतं. आत जखम होती आणि ती करणारा जंतूही सापडला होता. चौदा दिवसांच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या, एकही चुकवायची नाही, असं त्याने दोघांना बजावलं होतं. पण गोळ्यांनी तोंड कडू झालं, हगवण लागली आणि पाचव्या दिवशी कमळाकर वैतागला. नेमका त्याच दिवशी जावई आला.

जावई म्हणजे प्रितेश. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात बरी कारकुनी होती, ती सोडून हा आता घरोघर पुड्या विकत फिरत होता. ऐन उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात टाय. घामाने कॉलर पिवळी पडलेली, पण बोलणं असं, जणू सगळ्या डॉक्टरांना यानेच शिकवलं.

"मामी, अँटिबायोटिक म्हणजे बॉम्ब. चांगले-वाईट सगळे जंतू मारतो. आपल्या पुडीत करोडो चांगले जंतू आहेत. ते वाईटांना हाकलतात. नॅचरल!"

"जावायबापू, तुमी दहावीला सायन्समदी दोनदा गचकलात ना?" ठमाबाईने अगदी मानाने विचारलं होतं.

प्रितेश हसला होता. त्याला अपमान कळत नसे, हीच त्याची धंद्यातली खरी लायकी. पुड्या गोड होत्या. हगवण थांबली आणि कमळाकरला वाटलं, आजारच गेला. ठमाबाईने खूप तोंड वाजवलं, पण गोळ्यांना तो शिवला नाही.

झोडणी संपून शेतात वाल पेरून झाले, तेव्हा कमळाकरला शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. त्याने लाजेपायी बायकोला सांगितलं नाही. एका सकाळी बांधावर उभ्या उभ्या पांढराफटक पडला आणि कोसळला. शेजारच्या टेम्पोत घालून पनवेलला नेलं. पोटातल्या जखमेतून रक्त वाहत होतं. तीन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे त्याने डोळे नीट उघडले.

"त्या पुड्यांनीच झालं ना?" ठमाबाईने डॉक्टरांना विचारलं.

"पुड्यांनी नाही, गोळ्या सोडल्याने. हगवणीसाठी गोळ्यांबरोबर पुडी घेतली असती तर माझी हरकत नव्हती. पण नुसत्या पुडीने हा जंतू मरत नाही, मावशी."

या खेपेला पथ्य आणि औषध ठमाबाईने हातात घेतलं. दुसऱ्या, वेगळ्या गोळ्या होत्या. चौदा दिवस ती समोर उभी राहून नवऱ्याला तोंड उघडून दाखवायला लावायची. दोन महिन्यांनी तपासणी झाली. जंतू गेला होता.

मग एक दिवस मुलगी कोमल कागद घेऊन आली. प्रितेशने रंगीत छापलेला. त्यावर कमळाकरचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'गोळ्यांशिवाय अल्सर बरा! रविवारी समाजमंदिरात या.'

"जाऊ दे ठमा," कमळाकर पुटपुटला. "पोरीचा संसार हाय."

ठमाबाईने कागदाची घडी करून कमरेला खोचली. रविवारी ती नवऱ्याला दंडाला धरून समाजमंदिरात घेऊन गेली. पन्नासेक माणसं बसली होती. कोमल खाली मान घालून चहा वाटत होती. सासऱ्याला पाहून प्रितेशने टाळ्या वाजवायला लावल्या आणि माईक पुढे केला. तो ठमाबाईने घेतला.

"ह्यो माजा नवरा. जावायबापूंच्या नादानं गोल्या सोडल्या नि मरायला टेकला. काला हगत व्हता. तीन बाटल्या दुसऱ्याचा रगत घेतलाय यानं. बरा झाला तो डाक्तरच्या गोल्यांनी. या कागदावर छापलाय तो फोटू खरा, बाकी समदा खोटा."

"मामी, प्लीज, तुमचा गैरसमज..."

"तुमाला मी आजवर तुमी बोलले, जावायबापू. पोरीसाठी. आता मना लाज वाटते त्याची. गप बस."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या रांगेत बसलेली गावातली गोदू मात्र हसली नाही. ती हळूच उभी राहिली. पिशवीतून अर्धी संपलेली गोळ्यांची पाकिटं काढली.

"ठमाबाय, मी पन बंद केल्यात. सा दिस झाले. यांनीच सांगितला. पोटात लय जलतं."

"गोदूमावशी, डेमो झाल्यावर बोलू," प्रितेश टाय सारखा करत म्हणाला.

कोमलने चहाचं ताट त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. गोदूच्या हातातली पाकिटं घेतली, तिला धरलं आणि दाराकडे नेलं.

"आय, रिक्षा थांबव," ती म्हणाली. "दवाखाना एक वाजता बंद व्हतो."

ठमाबाईने माईक प्रितेशच्या हातात दिला आणि त्याच्याकडे न बघता रस्त्यावर जाऊन हात केला.