फाटकावरचा फोन

टिंग.

सुरतेजवळ, पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात, फाटकावरच्या खणात, हिलालचा फोन वाजला. कामगारांना फोन आत नेता येत नाही. हिलाल रंगाच्या टाकीपाशी. ऐकणार कोण?

तिकडे सुरतेच्या डिंडोलीत, केतकीताईंच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये, त्याची मुलगी हर्षदा. नर्सिंगची जागा मिळालेली. संध्याकाळपर्यंत पक्की करायची, नाहीतर गेली. पडदा म्हणतोय, आधारच्या मोबाइलवर आलेला कोड टाका.

मोबाइल हिलालचा. हर्षदाचं आधार, तिच्या आईचं, कलाबाईचं, बँकेचं खातं, रेशन, सगळं त्याच एका नंबरावर. गल्लीची रीतच तशी. बायकांना वेगळा नंबर कशाला?

पुन्हा पाठव. टिंग. मुदत संपली. पुन्हा. टिंग.

केतकीताईंनी कारखान्यात फोन लावला. "शिफ्ट छूटने के बाद," एवढंच उत्तर.

शिफ्ट सुटली. जागा गेली.

हिलाल थेट सेंटरवर आला. नखांत अजून निळा रंग.

"ताई, मी कुठं आडवा आलो? मला माहीतच नव्हतं."

"हिला माहीत होतं. पण कोड तुमच्याकडे."

"पोरीच्या हाती फोन दिला की पोर बिघडते, सगळे म्हणतात."

"तुमच्या हाती आहेच की. तुम्ही किती बिघडलात?"

"ह्या रोज रील देखत जेवतस," लेकीशेजारी बसलेली कलाबाई पुटपुटली.

केतकीताई हसल्या नाहीत. "हिलालभाऊ, सगळं मोबाइलवर आलं म्हणतो आपण. तुमच्या घरात ते फक्त तुमच्यापर्यंत आलं."

हिलालने लेकीकडे पाहिलं. हर्षदा रडत नव्हती. तेच त्याला सोसेना.

प्रवेशाची दुसरी फेरी निघणार होती. त्याआधी त्याने खाडा केला, मुलीच्या नावावर सिम घेतलं, दोघींना घेऊन आधार केंद्र गाठलं.

"कयो नंबर लिंक करवानो?" खिडकीतल्या माणसाने गुजरातीत विचारलं, कोणता नंबर जोडायचा.

"एनो पोतानो," हर्षदाकडे बोट दाखवत हिलाल म्हणाला. तिचा स्वतःचा.

"आनि मना नंबर?" मागून कलाबाई.

हिलालने वळून पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. "बस. तुले बी सिम लिऊत."

वाचकहो, आज घरी विचारा, आईच्या खात्याचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो? यंत्र देशात आल्याने माणूस पुढे जात नाही. ते ज्याचं त्याच्या हाती पोचावं लागतं.

दुसरी फेरी. हिलाल टाकीपाशी. त्याचा फोन फाटकावर, मुका.

टिंग.

हर्षदाच्या हातात.