निळ्या भिंतीवर चुना

पांढरा रंग म्हणे स्वच्छतेचा! गाठीच्या तापाच्या त्या वर्षी लालबागेतल्या चाळीत हे कुणी बोललं असतं, तर बायका अंगावर धावून आल्या असत्या. सरकारी माणसं रोग्याला उचलून इस्पितळात नेत आणि मागे त्याच्या खोलीला चुना फासून जात. नेलेलं माणूस सहसा परत येत नसे. भिंती तेवढ्या लख्ख होत.

शेवंतीची खोली अजून निळी होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिच्या नवऱ्याने, लवूने, चुन्यात नीळ जरा जास्तच कालवली होती. चाळीने त्याची यथेच्छ टर उडवली, पण शेवंतीचा त्या रंगावर भारी जीव. भर दुपारीही त्या खोलीत गार वाटायचं.

आता त्याच भिंतीशी लवू तापाने फणफणत पडला होता. जांघेत गाठ आली होती. "शेवंते, माका इस्पितळात धाडू नको हां," त्याने काल तिचा हात धरून म्हटलं होतं. तिने त्याच्या गळ्याची शपथ घेतली होती.

सकाळी तपासणीवाले शेजारच्या चाळीत शिरल्याची बातमी आली. पलीकडच्या खोलीतली सोनूबाई चुन्याची बादली घेऊन धावत आली. तिचा मुलगा गेल्याच महिन्यात नेला होता.

"पांढरी खोली दिसली की झालेली समजून पुढे जातत ते. लाव भराभर, रडतंस काय गो!"

शेवंतीने कुंचा मारला. ओल्या चुन्यातून खालचा निळा रंग जसाच्या तसा दिसत राहिला. पण चुना वाळू लागला तशी एकेक भिंत पांढरी पडत गेली. खोली परक्याची वाटू लागली. तिने लवूला गोधड्यांच्या ढिगामागे सरकवलं आणि दार उघडं टाकून उंबऱ्यात बसली.

तपासणीवाला आला. त्याने आत नजर टाकली. "ही झालीय," म्हणाला आणि पुढे गेला.

शेवंतीला आनंदाने रडूच फुटलं. तिने आत येऊन गोधड्या भराभर बाजूला फेकल्या. "गेले हो, गेले!"

लवूने डोळे उघडले. तापलेल्या नजरेने तो चारही भिंती बघत राहिला. मग तिच्याकडे बघून त्याने कसेबसे हात जोडले.

"बाय, माझ्या बायलेक एक निरोप सांगशात? हय इस्पितळात धाडल्यान म्हणून मी तिच्यावर रागवूक नाय."

"अहो, मीच आहे! हे आपलंच घर आहे!" तिने त्याला गदागदा हलवलं. त्याने तोच निरोप पुन्हा सांगितला, मग पुन्हा. उत्तरासाठी तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

शेवंतीने पदराने तोंड पुसलं.

"सांगते," ती म्हणाली.